बिनविरोध

उपसरपंचाच्या निवडीआधी प्रेमराज आपल्या सदस्यांना सहलीच्या नावाखाली सापुताऱ्याला घेऊन गेला. कोणी फुटू नये म्हणून सगळ्यांचे फोन त्याने स्वतःच्या पिशवीत ठेवले होते.

निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, दिपमालाचा फोन आला. "आबा गयात. तुम्ही लगेच या."

वडील वारल्याचं ऐकूनही प्रेमराजला हसू आलं. मागच्या निवडीत चुलतभाऊ लोटनला त्याने असाच खोटा फोन करवला होता, "तुनी माय सिरीयस शे." लोटन सगळं सोडून घरी धावला आणि पद प्रेमराजला मिळालं.

"लोटननी तुले बी फोडी लिधं का?" त्याने बायकोला विचारलं. "फोटो धाड."

फोटो आला. आबा डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या पायाशी लोटन बसला होता.

"लोटन आपला घरमा? मंग डावच शे हाऊ." प्रेमराजने फोन बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी लोटन अर्ज भरायला आलाच नाही. प्रेमराज बिनविरोध निवडून आला, तरी लोटनचं न येणं त्याला खटकत राहिलं. गुलालाने माखलेला तो घरी पोचला.

ओट्यावर लोटन बसला होता. मुलाने करावं तसं मुंडण करून.