अक्कम्माच्या हातची चटणी

पुण्याहून आलेल्या बाईंनी भवानी पेठेतल्या त्या दुकानाच्या पायरीवर चपला काढल्या, भिंतीवरच्या फोटोपुढे हात जोडले आणि डोळे मिटले. फोटो अक्कम्माचा होता. फोटोच्या खालीच अक्कम्मा शेंगाचटणीच्या पिशव्या भरत बसली होती.

डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, नाकातोंडावर मास्क. गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसावं म्हणून सुनेनं, काव्यानं, लावायला सांगितलेलं. या बाई आपल्याला नमस्कार का करतायत ते अक्कम्माला कळेना, आणि करायचाच तर वर तोंड करून का, हे तर मुळीच कळेना.

"तुमचा ब्लॉग वाचून आलेय," बाई गल्ल्यावर बसलेल्या अक्कम्माच्या मुलाला, गुरूला म्हणाल्या. "आईंबद्दल वाचताना खरंच रडू आलं. शेवटच्या आजारपणात तुमचा हात धरून म्हणाल्या, चव सोडू नकोस."

अक्कम्मानं हातातली पिशवी खाली ठेवली. गेल्या पावसाळ्यात ताप आला होता खरा. पण तेव्हा आपण गुरूला गॅस बंद कर म्हणालो होतो, एवढंच तिला आठवत होतं.

"काव्या, कुनाचं सांगायल्यात ह्या?" तिनं हळूच विचारलं.

"थांबा की जरा," काव्या पुटपुटली.

घोटाळा तसा साधाच होता. पंचाहत्तरीला गुरूनं आईच्या गळ्यात हार घालून फोटो काढला आणि मोठा करून दुकानात लावला. धंद्यासाठी ब्लॉग लिहून देणाऱ्या माणसाला काव्यानं तोच फोटो पाठवला. त्यानं हार पाहिला आणि म्हातारीला परस्पर स्वर्गात पोचवून टाकलं. काव्या दुरुस्त करायला सांगणारच होती. पण त्याच आठवड्यात नाशिक, नागपूर, बेळगाव, कुठून कुठून ऑर्डरी आल्या. गुरू म्हणाला, दिवाळी होऊ दे, मग बदलू. दिवाळी झाली, संक्रांतीची गड्ड्याची जत्राही भरून उठली. ब्लॉग तसाच राहिला. अक्कम्माला कुणी काही सांगितलं नाही, आणि सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

बाईंची पुण्यात तीन दुकानं होती. "वर्षभर माल घेईन," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक बरणीवर आईंची ही गोष्ट छापायची. तिच्यासाठीच तर घेतात लोक." मग त्यांनी चमचाभर चटणी जिभेवर ठेवली आणि थोडा वेळ डोळे बारीक करून उभ्या राहिल्या.

"छान आहे. पण खरं सांगू? त्यांच्या हातची सर नाही हिला."

अक्कम्मा चपापली. चटणी सकाळी तिनंच कुटली होती. तिनं मास्कच्या खालून चिमूटभर तोंडात टाकली. मीठ बरोबर होतं, लसूण बरोबर होता. पुन्हा एक चिमूट घेतली. आता मात्र तिची तिलाच खात्री वाटेना. पूर्वी आपण आणखी काही घालत होतो की काय?

"लसूण कमी पडलाय काय रं?" तिनं गुरूला विचारलं.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

गुरूच्या ओठांवर 'अव्वा' आलं होतं. जन्मल्यापासून तो आईला तीच हाक मारत होता. त्यानं ती गिळली.

"मावशी आहेत. पॅकिंगला असतात," तो म्हणाला, आणि शरमेनं त्याला मान वर करवेना.

"बऱ्याच जुन्या दिसता, मावशी," बाई तिच्याजवळ वाकल्या. "तुम्ही पाहिलं असेल ना त्यांना? कशा होत्या हो?"

अक्कम्मानं आधी फोटोकडे बघितलं, मग गुरूकडे. मावशी कोण, गेलं कोण, तिला काहीच जुळेना. पण पोरगं घाबरलंय, एवढं तिला दिसलं.

"फारसं न्हाय आठवत, बाई," ती म्हणाली. "पोरावर लई जीव व्हता तिचा, एवढं ठावं हाय."