उघडं लोखंड

आग विझवायचा लाल सिलिंडर. पोटात आता वाळू.

स्पार्कप्लगमधली पांढरी चिनीमातीची नळी. वाळू लोखंड खाते, पण या नळीला ती लवकर पचवू शकत नाही.

पीठ चाळायची जुनी चाळणी.

कारागिरांची एक जुनी म्हण: पोत डोळ्याला कळत नाही, हाताला कळतो.

दवाखान्याच्या कपाटाचं दार. दारावर एक तांबूस हात.

हे सगळं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये होतं, आणि त्या तांबूस हातावरून दोन भाऊ तीन दिवस एकमेकांशी धड बोलले नव्हते.

सिलिंडर, नळी आणि चाळणी मिळून थोरल्याने घरच्या घरी ब्लास्टर बनवला होता. चाळलेली वाळू हवेच्या जोराने त्या नळीतून मारायची, की लोखंडावरचा जुना रंग थरांमागून थर उडून जाई. खाली उरे ते करडं, उघडं लोखंड. त्याला मोकळा हात लावायचा नाही, कारण दमट हवेत हाताच्या घामाने लोखंड रात्रभरात गंज धरतं, कोणाच्या घामाने कमी, कोणाच्या जास्त, आणि सकाळी पंजा उमटतो. हा नियम थोरल्यानेच केला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवायचाही. तरीही हवा दमट झाल्यापासून तिसरं काम बिघडलं होतं. दवाखान्याने निरोप पाठवला होता, पुढची कपाटं आम्ही दुसरीकडे देऊ.

थोरला काम संपलं की ताडपत्रीने झाकून ठेवी. म्हणजे कोणीतरी ती उचलत होतं. शेडच्या किल्ल्या दोन. दुसरी धाकट्याकडे. धाकटा हल्ली फोन आला की कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन बोलायचा, जिथे कोणाला काही ऐकू येत नाही. त्याच्या खणात स्पार्कप्लगची आणखी एक नळी सापडली होती, नवीकोरी. कुठेतरी पाणी मुरत होतं. स्वतःची शेड टाकायची तर आधी भावाचं नाव बुडवायला हवं, एवढा हिशोब थोरल्याने झोपेतसुद्धा करून ठेवला होता.

दारावरचा पंजा मोजून उपयोग नव्हता. दोघांचे हात आईने एकाच साच्यातून काढल्यासारखे.

म्हणून काल संध्याकाळी थोरल्याने एक पत्रा ब्लास्ट केला, खडूने त्याचे तीन चौकोन केले आणि सांगितलं, टेकवा हात. गंज आपोआप नाव सांगेल.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्याची बायको म्हणाली. ती शेडमध्ये प्रायमर मारायची. "आणि माझा चौकोन का आखलात? मीही चोर?"

"घरातल्या सगळ्यांचा घ्यायचा."

तिने हात टेकवला. थोरल्याने टेकवला. धाकटा सगळ्यात शेवटी आला. टेकवलेला हात त्याने पुरता दहा आकडे होईपर्यंत उचलला नाही.

"सकाळी माझा हात उमटला तर मी जाईन, दादा," तो म्हणाला. "नाही उमटला तरी जाईन."

सकाळी तिघं पत्र्याभोवती उभे राहिले. ताडपत्री थोरल्याने स्वतः काढली.

बायकोच्या चौकोनात बोटांची टोकं तेवढी पुसट दिसत होती. मधल्या चौकोनात अख्खा पंजा उमटला होता, तळव्याच्या रेषांसकट, विटेच्या रंगाचा. तो थोरल्याचा.

धाकट्याचा चौकोन काल होता तसाच. करडा, कोरा.

मग थोरला खाली वाकला, कोरा चौकोन तिरप्या उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "तेल लावून आला होतास का?"

"अहो," बायको म्हणाली.

धाकट्याने उजवा पंजा उघडून भावाच्या नाकासमोर धरला. "हुंगून बघ."

आणि थोरल्याने हुंगला. अगदी नाक टेकवून. रबराचा वास आला, वाळूचा आला. तेलाचा आला नाही.

धाकट्याने हात मागे घेतला. किल्ली पत्र्यावर ठेवली, आपल्याच चौकोनात. खणातली नवी नळी वहिनीच्या हातात देत म्हणाला, दादाची जुनी झिजत आलीय, दोन आठवड्यांत लागेल, म्हणून आणून ठेवली होती. मग हातमोजे खिळ्याला अडकवून तो बाहेर पडला. शेडचं दार त्याने हळूच लोटलं, वाजू न देता.

थोरला किल्लीकडे बघत राहिला. तिच्याखालचं लोखंड अजून स्वच्छ होतं.

तो तांबूस पंजा दिसायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, कपाटाच्या दारावरचा शेवटचा रंग उडाला, तेव्हा थोरल्याने कॉम्प्रेसर बंद केला, उजव्या हातातला मोजा काढला आणि पोत बघायला दारावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी पंजा क्षणभर तिथेच टेकवला. असा तो प्रत्येक कामावरून फिरवत असे.