पंख्याचा पाया

"सर, मला नाही दिसत," दीपमाला म्हणाली आणि तिनं पंख्याच्या बेअरिंगवरून प्रोब काढला.

प्रेमराजनं तो तिच्या हातून घेतला, जाळीतून आत घालून बेअरिंगवर दाबला आणि मीटरच्या पडद्याकडे हनुवटीनं खूण केली. डाव्या कोपऱ्यात, शून्याला अगदी लागून, एक बारीक सुळका वर आला होता.

"दाबून धरायचं असतं. किती वेळा सांगू?"

ती पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतली ही बन्सीलालशेठची डाळमिल. प्रेमराजनं उमेदीची सगळी वर्षं वीज केंद्रातल्या यंत्रांची कंपनं मोजण्यात घालवली होती. आता तो मीटर घेऊन गावोगावच्या गिरण्या तपासत हिंडायचा. यंत्र मोडायच्या आधी वेगळं थरथरतं आणि ती थरथर वेळेत पकडायची, हा त्याचा धंदा. दीपमाला यावलची, इंजिनिअर झालेली, दोन वर्षांपासून त्याच्या हाताखाली होती. हुशार होती, पण हा सुळका तिला एकदाही सापडला नव्हता.

इतर यंत्रांवर सेन्सर चुंबकानं चिकटवला की काम भागायचं. भुसा ओढणारा हा मोठा पंखा तेवढा अडचणीचा. बेअरिंग आतल्या बाजूला, चुंबक बसायला जागाच नाही. तिथं लांब दांडीचा प्रोब हातानं धरून ठेवावा लागे.

सुळका बेअरिंगचा नव्हता, पात्यांचाही नव्हता. पडद्यावर इतक्या डावीकडे, म्हणजे पंखा फिरतो त्याच्यापेक्षा कितीतरी सावकाश असा तो हेलकावा होता. इतकं सावकाश हलतं ते एकच, पाया. खालचं काँक्रीट तडकलं असणार. आधी त्याला वाटलं, मीटरच बिघडलाय. त्यानं तो पुण्याला पाठवून तपासून आणला. मीटरमध्ये काही दोष नव्हता. आणि दर फेरीला सुळका थोडा वाढतच होता.

त्या दिवशी घरी गेला तरी पंखा डोक्यातून जाईना. नूतननं चहा आणला, तोही अर्धा कप. हल्ली ती अर्धाच कप भरायची. विचारलं तर म्हणायची, लागला तर परत देते ना. बायकोच्या या नव्या सवयीवर तो थोडा करवादला आणि गच्चीवर जाऊन येरझारा घालू लागला.

त्याच्या डोळ्यांसमोर वना येत होता. धुळ्याकडच्या एका तेलगिरणीत गेल्या वर्षी पंख्याचं चाक फुटलं, पत्रा फाडून बाहेर आलं आणि खाली पोती शिवत बसलेला वना जागच्या जागी गेला. त्या गिरणीनं कंपनं कधी मोजलीच नव्हती. इथं तर मोजून हातात आलेलं होतं. या पंख्याच्या चौथऱ्याशी मिलमधला झिपरू पोती शिवत बसतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय.

दुसऱ्या दिवशी तो थेट शेठच्या केबिनमध्ये शिरला. पंखा बंद करा आणि पाया उकरा, म्हणाला. शेठनं तुरीचा हंगाम, गाड्यांची रांग, सगळं सांगून पाहिलं. झिपरूला बोलावून विचारलं.

"पंखा ते चांगला शे," झिपरू म्हणाला. "आवाजमा काहीच फरक नही."

"आवाजात फरक येईल तेव्हा उशीर झालेला असेल," प्रेमराज म्हणाला. "शेठ, माणूस गेल्यावर मला बोलावू नका."

शेठनं स्विचकडे बोट केलं. पंखा थांबला. सकाळभर चौथऱ्याभोवती खोदकाम चाललं. प्रेमराज खड्ड्याच्या काठावर उभा राहून खडा न् खडा बघत होता. काँक्रीट निघालं अखंड. तडा नाही, ओल नाही, पायाचे बोल्ट असे आवळलेले की पाना लावून हलेनात.

शेठ खिशात हात घालून बाहेरच्या गाड्यांच्या रांगेकडे बघत राहिले. ते बघणंच प्रेमराजला जास्त लागलं.

मग हा कंप शेजारच्या यंत्रांकडून जमिनीतून येत असेल, तो म्हणाला. सगळी मिल बंद करा, एकदाच मोजतो.

"सर, राहू द्या ना आता," दीपमाला हळूच म्हणाली. "आपण घरी जाऊन बोलू."

तो तिच्यावर उखडला. सगळ्यांसमोर उखडला. जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच असं समजणारा माणूस या धंद्यात नको, उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही.

शेठनं हात वर केला. चाळण्या थांबल्या, चक्क्या थांबल्या, शेवटी मेन स्विच पडला. इतकी शांतता झाली की अंगणात वाळत घातलेल्या डाळीवरचे पारवे ऐकू यायला लागले.

प्रेमराज जाळीशी वाकला. प्रोब बेअरिंगवर टेकवला आणि पडद्याकडे पाहिलं.

सुळका होता. नेहमीच्या जागी, नेहमीपेक्षा उंच.

"बघा," तो म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. "बघा, शेठ. मी काय सांगत होतो?"

शेठ जवळ आले, वाकून बघू लागले. "पण भाऊ, आता तर सगळंच बंद आहे. मग हलतंय काय?"

प्रेमराज उत्तर शोधू लागला. जमीन? रस्त्यावरचा ट्रक? त्यानं प्रोब आणखी जोर लावून दाबला. सुळका आणखी वर चढला.

दीपमाला पुढं आली. काही न बोलता तिनं त्याचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं, आणि पडद्यावरचा सुळका खाली बसला.