उरलेलं ब्लँकेट

बायकांच्या निवाऱ्यात ब्लँकेटं वाटायला आलेल्या साहेबांचा आवाज ऐकला, आणि स्वयंपाकघरात कढई घासणारीचा हात थांबला. याच आवाजाला भिऊन ती नेसत्या कपड्यानिशी घराबाहेर पडली होती. दाराच्या फटीतून नवरा दिसत होता. "घ्या मावशी, घ्या आजी," म्हणत स्वतःच्या हातानं पांघरूण घालत होता.

रांग संपली. एक ब्लँकेट उरलं.

"आकडा तुम्हीच दिलात ना, ताई? मग हे उरलं कसं? आत आहे का कुणी?" तो स्वयंपाकघराकडे निघाला.

एक म्हातारी त्याला आडवी आली. "माझंच ते! मला दोन लागतात."

निवारा चालवणाऱ्या ताई नियमाच्या पक्क्या. जास्तीचा चहा मागितला तरी याच म्हातारीला चारचौघींत खडसावायच्या. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, मग येऊन दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मागे आवळलेली त्यांची मूठ फटीतून दिसत होती.

"देऊन टाका हो," ताई म्हणाल्या. "हावरट आहे मेली. नेहमीच दोन घेते."