विहिरीतलं फूल

मानपाड्याच्या जत्रेत दौलत ‘मौत का कुआँ’च्या उभ्या लाकडी भिंतीवर मोटरसायकल फिरवायचा. त्याची बायको रंभा वरच्या कठड्याशी देवीचं जास्वंदीचं फूल मुठीत धरून नाम घेत राहायची.

“फिरतोय तोवर भिंत धरून ठेवते गं. थांबलो की जमीन ओढणारच,” तो हसून म्हणायचा.

त्या संध्याकाळी इंजिन मध्येच बंद पडलं. रंभाच्या हातून फूल सुटलं. गाडी भिंतीवर आडवी, जागच्या जागी थांबली.

पण पडली नाही. झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तशी अलगद तळाला टेकली.

“अगं रंभे, रडतेस काय? अख्खा आहे मी!” दौलत खालून ओरडला.

“आई, राखलंस गं,” म्हणत रंभाने डोळे पुसले, आणि हात जोडून खाली वाकली.

फूल अजून विहिरीत अधांतरी होतं, सावकाश गोल फिरत.