वर्षं उलटी, दिवस सुलटे

"उलटं कर," आजी म्हणाली.

कॉम्प्युटरसमोर बसलेल्या नातीने मान वर केली. "आजी, सगळं जग आधीपासून नंतरपर्यंतच दाखवतं. पाळणा, शाळा, संसार, चष्मा."

"आणि शेवटी माझं बोळकं, भरल्या हॉलमध्ये. माणूस शेवटचं बघतो तेच घरी घेऊन जातो, बाई. जेवण कितीही झकास असो, शेवटच्या घासाला खडा लागला की संपलं."

हेच तिच्या जिवाला लागलं होतं. उद्या हॉलमध्ये माणसं जमणार, भिंतीवर तिच्या संसाराचे फोटो चालणार. जन्मभर ताठ मानेने वावरलेली बाई. तिची कीव करत कुणी घरी जावं, हे तिला सोसणारं नव्हतं.

नातीने समजावलं. कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक फोटो म्हणजे एक वस्तू. वस्तूच्या पोटात तिचं वर्ष, तिची माणसं. क्रम लावताना तो दोन-दोन वस्तू समोरासमोर उभ्या करतो आणि विचारतो, तुमच्यात पुढे कोण?

"जावा-जावांसारखं. मग भांडण राहू दे तसंच, निकाल तेवढा फिरव."

नातीने कंटाळा केला. निकालाला हातच लावला नाही. आयती लागलेली रांग शेपटाकडून फिरवली.

पहिल्या काही फोटोंत आजी एकटीच होती. मग खिडकीशी वर्तमानपत्र धरलेले आजोबा आले. त्यांची काठी गेली, केस काळे होत गेले, सायकल परत आली. मुलगा बापाच्या खांद्याएवढा होता, तो कमरेएवढा झाला. आजीने पदराने चष्मा पुसला. मग एकदम खेकसली, "थांबव. आधी चिंब भिजलो आणि मग होडीत चढलो का आम्ही?"

नात ओशाळली. "या फोटोंना नुसतं वर्ष आहे गं, तारीख नाही. रांग फिरवली, तेही फिरले."

"वर्षं जाऊ देत उलटी. दिवस सुलटेच ठेव. दिवस आम्ही सुलटेच जगलो."

नातीने रांग होती तशी केली आणि आता नियमातच दोन वस्तूंची अदलाबदल केली. नवं वर्ष पुढे, जुनं मागे. एकाच वर्षाचे असतील त्यांना हात नाही.

आता दोघं नीट होडीत चढली. आजोबा ऐटीत उभे राहिले. होडी कलली. मग काठावर दोघं, निथळत.

"उभे राहू नका म्हटलं होतं मी. ऐकतील तर शपथ." आजीचा आवाज खाली आला. "हसतायत बघ कसे."

मुलगा दारात येऊन उभा होता. "आई, बाबांचे एवढे फोटो? उद्या? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडाला कुठे झाकण असतं? त्यांना गाळलं तर मी उरते केवढी?"

"तसं नाही गं. मला अजून सवय झाली नाही, एवढंच."

"होईल. मला तरी कुठे झालीय?" तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "फुलांचं बघ जा. सकाळी ताजी हवीत."

तो गेला. फोटो मागे मागे जात राहिले. आजोबा मिशी नसलेले झाले, लाजरे झाले, आणि एका फोटोनंतर दिसेनासेच झाले. शेवटी दोन वेण्यांची एक पोरगी पायरीवर बसलेली, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी.

"ही कोण?"

"ही मी. अजून कुणाचीच नाही." आजी बराच वेळ बघत राहिली. "इथेच थांबू दे. हिला घेऊन जाऊ देत घरी."

फोन वाजला. नातीने घेतला, ऐकून घेतलं, आणि हसू दाबत फोनवर हात ठेवला.

"आजी, तुझे नवरदेव विचारतायत, उद्या तुला हॉलवर न्यायला गाडी कधी पाठवू?"