तीन डिस्कवरची अंगाई

तो ऑफिसचा डेटाबेस सांभाळायचा आणि नव्या पोरांना दटावायचा, “बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही रे, परत उघडून बघितल्याशिवाय जेवायला उठायचं नाही.” पोरं पाठीमागे त्याला ‘उघडूनबघ काका’ म्हणायची. आज धाकट्या बहिणीचं तान्हं काही केल्या झोपेना. “दादा, आईची अंगाई लाव ना,” ती म्हणाली. शेवटच्या आजारपणात आईने उशीला टेकून सगळ्या अंगाया त्याच्या फोनपुढे गायल्या होत्या. त्याने त्या तीन डिस्कवर जपल्या होत्या. आता पहिली डिस्क लावली. नुसती खरखर. दुसरी, तिसरी, तिथेही तीच खरखर, इमानेइतबारे उतरवलेली. बहीण बाळाला थोपटत राहिली. त्याला आठवलं, गाऊन झाल्यावर धाप लागलेली आई म्हणाली होती, “अरे, एकदा ऐकून तरी बघ, आवाज आलाय का.” आणि तो हसला होता, “अगं, रोजचंच काम आहे माझं.”